इंजिन, जाळं, माणूस

सकाळी सव्वानऊला 'सुखदायिनी' या ट्रॉलरच्या, जाळ्याचे दोर ओढणाऱ्या विंचमध्ये एका खलाशाचा उजवा हात गेला. त्याच सुमारास मी सुरूखोल बंदरावर बोट मालक संघाच्या कचेरीत बसले होते. 'खलाशी कल्याण सप्ताहा'ची बातमी घ्यायची होती आणि चहा नुकताच आला होता.

'सुखदायिनी'चे मालक आणि संघाचे अध्यक्ष जनार्दन पडवळकर, म्हणजे बंदरावरचे जनूशेठ, मला सप्ताहाचा कार्यक्रम समजावत होते. त्या वर्षी कामगार खात्याने बोट मालकांना तीन साध्या गोष्टी विचारल्या होत्या. खलाशांना झोप मिळते का, त्यांचा विमा आहे का, बोटीवर औषधाची पेटी असते का. संघाने बराच विचार करून सप्ताह जाहीर केला. त्यामुळे उत्तरं द्यायची राहून गेली.

"संध्याकाळी खलाशांचा सत्कार," जनूशेठ म्हणाले. "शाल, श्रीफळ आणि एकेक टॉर्च. आमदारसाहेब येणार हायत."

"पण सीझन चालू आहे. खलाशी समुद्रावर असतील ना?"

"हायत की समुद्रावर."

"मग सत्कार कुणाचा?"

"त्यांच्या वतीने नातेवाईक घेतील."

"खलाशी नेपाळचे. नातेवाईक नेपाळहून येणार?"

जनूशेठनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "म्याडम, नातेवाईक इथलेच. माझा मेव्हणा हाय, बर्फ कारखान्यातली चार माणसं हायत, हा आमचा दिगंबर हाय. शालीत माणूस कोण ते फोटोत कळत नाय. शाल कळते."

दिगंबर म्हणजे संघाचा कारकून. तो कोपऱ्यात टॉर्चमध्ये सेल घालत होता. त्याने मान डोलावली.

"आणि औषधाची पेटी?" मी विचारलं.

"प्रत्येक बोटीवर. माझ्या 'सुखदायिनी'वरची तर अजून सीलबंद हाय. तपासणीला एकदम कोरी दाखवता येते."

एवढ्यात गणपतीच्या तसबिरीखालचा वायरलेस खरखरला. बोटीवरून कुणी बोललं की ते मालकाला ऐकू येई, आणि त्या वेळी समुद्रावर असलेल्या बाकीच्या सगळ्या बोटींनाही.

"सुखदायिनी बोलतेय. शेठ, हसन बोलतोय. विंचमध्ये माणसाचा हात गेलाय. जाळं पाण्यात हाय. एक दोर बोटीखालच्या पंख्यात गुंतला, इंजिन बंद पडलंय. कुठली तरी बोट पाठवा. ओव्हर."

हसन वस्ता हा 'सुखदायिनी'चा तांडेल. बोट त्याच्या हुकमाने चाले आणि तो शेठच्या. मी कप खाली ठेवला. जनूशेठनीही ठेवला.

"दिगंबर," ते म्हणाले, "बर्फवाल्याला फोन लाव. दोन टन जादा सांग."

मला वाटलं, हाताला लावायला. दोन टन बर्फ जरा जास्त वाटला, पण हा माझा विषय नव्हता.

"डॉक्टरांनाही कळवायला हवं ना?" मी म्हणाले.

"कशाला?"

"हात गेलाय म्हणाले."

जनूशेठ हसले. दिगंबरही हसला, शेठपेक्षा थोडा कमी. मग जनूशेठनी खुर्ची माझ्याकडे वळवली. एखाद्या शहरातल्या पोरीला जग समजावून सांगायची संधी रोज येत नाही.

"म्याडम, समुद्रावर मासा सापडला की तांडेल काय करील? 'मासा सापडला' म्हणून बोंब मारील? पन्नास बोटी गोळा होतील. म्हणून तो रडतो. कधी इंजिन बिघडलं म्हणतो, कधी जाळं फाटलं, कधी माणूस आजारी. मालकाने काय ते समजून घ्यायचं आणि बर्फ तयार ठेवायचा."

"दुसऱ्या बोटींना हे कळत नाही?"

"सगळ्यांना कळतं. सगळेच असं बोलतात."

"मग उपयोग काय?"

"उपयोगाचं नाय," जनूशेठ म्हणाले. "रीत हाय. आज हसन तिन्ही एकदम बोलला. इंजिन, जाळं, माणूस. वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. माशाचा खण गळ्यापर्यंत भरला आसल."

दिगंबरने बर्फ सांगितला. मी वहीत 'रीत' असं लिहिलं आणि त्याच्यापुढे काय लिहावं ते न सुचल्याने पेन तिथंच ठेवलं.

वायरलेसवर आता दुसऱ्या बोटींचे आवाज येऊ लागले.

"हसनचाचा, हात कुणाचा गेला रे? बांगड्याचा का सुरमईचा?"

"चाचा, मलम घेऊन येऊ का जाळी घेऊन येऊ?"

"धनबीरचा हात हाय," हसनचा आवाज आला. "चेष्टा नाय. दीपगृह सरळ पूर्वेला दिसतंय, अठरा वाव पाणी हाय. या कुणीतरी. ओव्हर."

जनूशेठनी मांडीवर थाप मारली. "ठिकाण दिलं. ऐकलंत? ठिकाण दिलं."

"मग आता बोटी तिथं जातील."

"कशाला जातील? तांडेलाने ठिकाण दिलं म्हणजे तो तिथं नाय. दीपगृह पूर्वेला म्हणतोय म्हणजे खाली दक्षिणेला कुठंतरी आसल. पण दक्षिण मोठी हाय. आपला हसन हुशार."

खरोखरच, पुढच्या काही मिनिटांत वायरलेसवरच्या बोटींनी एकमेकांना आपण बंदराकडे परतत असल्याचं कळवलं आणि सगळ्या दक्षिणेला निघाल्या. ते मला नंतर समजलं. त्या दिवशी सुरूखोलच्या समुद्रात मदतीची हाक ऐकून इतक्या बोटी धावल्या, तितक्या पूर्वी कधी धावल्या नव्हत्या. एकही हसनने सांगितलेल्या ठिकाणी गेली नाही, एवढंच.

"धनबीर कोण?" मी विचारलं.

जनूशेठनी दिगंबरकडे पाहिलं.

"बहादूर, शेठ," दिगंबर म्हणाला.

"कुठला बहादूर?"

"सात हायत आपल्या बोटीवर."

"त्यातला कुठला?"

"ते हसनलाच माहीत."

नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून येणाऱ्या प्रत्येक खलाशाचं नाव बंदरावर आल्यावर बहादूर होत असे. हिशेबाला ते सोपं पडे. मोजता येई आणि ओळखावं लागत नसे.

वायरलेस पुन्हा खरखरला. या वेळी आधी हसन बोलला नाही. मागून कुणीतरी ओरडलं. लांबलचक ओरडणं होतं ते, मध्ये श्वासासाठी थांबलेलं आणि पुन्हा सुरू झालेलं. मग हसनचा आवाज आला.

"शेठ, दोराला जाळ्याचा ताण हाय. ताणाखाली हात चेंगरतोय. विंच फिरत नाय. काय करू सांगा. ओव्हर."

कोपऱ्यात दिगंबरचं टॉर्चमध्ये सेल घालायचं थांबलं होतं.

"ओरडायलासुद्धा माणूस लावलाय," जनूशेठ म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

मी टेबलावरच्या फोनकडे हात नेला. जनूशेठनी त्यावर हात ठेवला, अगदी सभ्यपणे, जणू फोन गरम होता आणि मला चटका बसला असता.

"कुणाला करताय?"

"सागरी पोलिसांना."

"म्याडम, पोलिसांना सांगितलं की बाजाराला कळतं. तुम्ही शहरातल्या. तुमची चूक नाय."

मी बाहेर जिन्यावर गेले आणि माझ्या मोबाइलवरून सागरी पोलिसांच्या चौकीला फोन लावला. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं.

"ठिकाण काय दिलंय?"

मी सांगितलं.

"कुणी दिलं?"

"तांडेलाने."

"ताई," हवालदार म्हणाला, "माझा बाप तांडेल होता. तांडेलाने दिलेल्या ठिकाणावर आमचा बापसुद्धा सापडला नसता. आणि गस्तीची बोट दुरुस्तीला गेलीय. ती आली की बघतो."

"कधी येईल?"

"ते दुरुस्तीवाल्यांना विचारावं लागेल."

मी परत आत आले तेव्हा हसन बोलत होता. आवाज बसला होता.

"शेठ, अल्लाची कसम. आजपर्यंत वायरलेसवर कसम घातलीय का मी? सांगा. जाळं कापतो. परवानगी द्या. ओव्हर."

जनूशेठ उभे राहिले. वायरलेसजवळ गेले. तिथं थोडा वेळ नुसते उभे होते. मला वाटलं, ते विचारतील की माणूस शुद्धीवर आहे का. त्यांनी माइक उचलला.

"हसन, जाळं कापू नको. नवीन हाय."

माइक ठेवला आणि वायरलेसचा आवाज बारीक केला. मग माझ्याकडे वळले.

"असं बोलावं लागतं," ते म्हणाले. "नाटक दोन्हीकडून व्हायला पाहिजे. नाहीतर बाकीच्यांना संशय येतो."

मी बसले. दिगंबरने मला विचारलं, चहा गरम करून आणू का.

दुपारी एकाच्या आधी भिकाजी खोबरेकर नावाचा एक माणूस आपल्या होडीतून धनबीर साउद याला धक्क्यावर घेऊन आला. भिकाजी शेजारच्या वाडीतला. त्याची होडी लहान, तिला मागे लावायचं छोटं इंजिन, सोबतीला भाऊ. दोघं त्या बाजूला जाळं टाकायला गेले होते आणि त्यांना एका ट्रॉलरवर कुणीतरी लुंगी हलवताना दिसलं. ते गेले. बघितलं. भिकाजीने कोयता घेतला आणि दोर तोडला. जाळं समुद्रात गेलं, हात सुटला.

मी धक्क्यावर त्याला विचारलं, "तुम्हाला वायरलेसवर कळलं का?"

"आमच्या होडीला वायरलेस खंय?" भिकाजी म्हणाला. "त्याला पैशे लागतत. माणूस बावटो हलवताहा म्हणून गेलो."

"जाळं कापायला हसनभाईंनी सांगितलं?"

"तो नको नको म्हणत होतो. शेठान नको सांगितलाहा म्हणे. माका काय ठाऊक शेठ कोण. मी त्याच्या हाताकडे बघितलंय."

म्हणजे त्या सकाळी अख्ख्या समुद्रावर धनबीरच्या मदतीला गेलेला एकमेव माणूस तो, ज्याला निरोप मिळाला नव्हता, आणि दोर तोडणाराही तोच, ज्याने हुकूम ऐकला नव्हता.

धनबीर तिशीचा असेल. लुंगीत गुंडाळलेला हात पोटाशी धरून होडीच्या कडेला बसला होता. धक्क्यावर गर्दी झाली. कुणीतरी म्हणालं, "बहादूर हाय." त्याने डोकं वर केलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "धनबीर. रुग्णालयात धनबीर लिहा." मग पुन्हा खाली पाहिलं.

जिल्हा रुग्णालयात हात मनगटाच्या वरून काढावा लागला. डॉक्टर मला म्हणाले, "हात विंचने नाही गेला. विंचने हाडं मोडली होती, ती जोडता आली असती. हात गेला तो दाबून राहिल्याने. इतका वेळ दाब का ठेवला?"

मी म्हटलं, जाळं नवीन होतं. मी कुठल्या तरी वैद्यकीय जाळीबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

सत्कार संध्याकाळी झाला. आमदारसाहेब उशिरा आले आणि कष्टकऱ्यांविषयी लांब बोलले. मेव्हणा, बर्फ कारखान्यातली माणसं, दिगंबर, सगळ्यांना शाली मिळाल्या. दुसऱ्या दिवशी जनूशेठ संघाच्या दोन माणसांना आणि फोटोग्राफरला घेऊन रुग्णालयात गेले. धनबीर गुंगीत होता. त्याच्या अंगावर शाल घातली, छातीवर नारळ ठेवला, उशाला टॉर्च. फोटो आमच्याच पेपरात पुरवणीच्या पहिल्या पानावर आला. शाल छान बसली होती. तिच्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. त्या सप्ताहात सत्कार झालेला तो एकटाच खरा खलाशी, ही गोष्ट माझ्या बातमीत होती. पुरवणीत ती मावली नाही.

त्यानंतर आठवड्याच्या आत जनूशेठनी भिकाजी खोबरेकरवर पोलिसांत तक्रार दिली. परक्याच्या बोटीवर विनापरवाना चढून जाळ्याचं नुकसान केल्याबद्दल. संघानेही स्वस्थ न बसता एक सुधारणा केली. खऱ्या संकटातच उच्चारायचा एक खास शब्द ठरवला आणि सगळ्या तांडेलांकडून शपथ घेतली की तो खोटा वापरणार नाही. पुढच्या सीझनमध्ये पहिला मोठा बांगडा लागला तेव्हा तोच शब्द वापरला गेला. रीत टिकली.

धनबीरच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा एका खलाशी संघटनेच्या वकिलाने लावला. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी झाली. जनूशेठच्या वकिलाचा मुद्दा सुटसुटीत होता. या बंदरावर तांडेल वायरलेसवर खरं बोलत नाहीत, ही जुनी रीत. तेव्हा आपल्या अशिलाने निरोपावर विश्वास न ठेवणं हे शहाणपणाचंच होतं. माणूस खरोखर जखमी आहे हे मालकाला कळलंच नाही, मग त्याने हयगय केली कशी?

त्याच वकिलाने हसनला विचारलं, "तुम्ही याआधी वायरलेसवर खोटं बोलला आहात?"

"होय साहेब."

"किती वेळा?"

"मासा लागला तितक्या वेळा."

"मग त्या दिवशी शेठनी विश्वास का ठेवावा?"

हसनने जनूशेठकडे पाहिलं. वीस वर्षं त्यांच्या बोटीवर होता. "खोटं बोलायला त्यांनीच शिकवलं, साहेब," तो म्हणाला. "जो तांडेल चांगलं खोटं बोलतो त्याला दिवाळीला जादा कपडे."

"तुम्ही दोर का तोडला नाही? कोयता तुमच्या बोटीवरही होता."

"मालकाला न विचारता जाळं कापणाऱ्या तांडेलाला या किनाऱ्यावर दुसरी बोट मिळत नाय," हसन म्हणाला. "मी विचारलं. ते नको म्हणाले. मी माझ्या बोटीचा विचार केला."

धनबीर बाकावर बसून ऐकत होता. त्याने हसनकडे पाहिलं नाही.

मग मला साक्षीला बोलावलं. मी त्या कचेरीत काय ऐकलं ते क्रमाने सांगितलं. शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, "चौथ्या निरोपानंतर मालक माइकवर नेमकं काय म्हणाले?"

"'हसन, जाळं कापू नको. नवीन हाय.'"

जनूशेठचे वकील उठले. "साहेब, माझ्या अशिलांनी त्याच वेळी साक्षीदाराला सांगितलं होतं की हा नाटकाचा भाग आहे. साक्षीदार हे नाकारणार नाहीत."

"नाकारत नाही," मी म्हणाले.

अधिकारी वयस्कर होते. चष्मा काढून ते म्हणाले, "वकीलसाहेब, मला एक समजावा. मासा भरपूर लागलाय, जाळं गच्च भरलंय, सगळं छान चाललंय, असा तुमच्या अशिलांचा समज होता. बरोबर?"

"बरोबर."

"मग कोणता तांडेल भरलेलं जाळं कापील? आणि कोणता मालक त्याला कापू नको असं सांगायला उठून माइकपर्यंत जाईल?"

वकिलांनी कागद चाळले. जनूशेठ पंख्याकडे बघत होते. मी त्या सकाळपासून वर्षभर ते वाक्य वहीत घेऊन फिरत होते आणि दर वेळी ते मला बेफिकीर माणसाचं वाक्य वाटत आलं होतं. त्या खोलीत बसल्यावर कळलं की कचेरीत हसनवर सगळ्यात आधी विश्वास ठेवणारा माणूस जनूशेठच होता.

निकाल धनबीरच्या बाजूने लागला. जनूशेठनी अपील केलं. अपिलात नवा मुद्दा होता, की संघाच्या कागदांवर धनबीर साउद नावाचा खलाशी नाहीच, बहादूर आहे, तेव्हा अर्जदाराने स्वतः हजर राहून आपण कोण ते सिद्ध करावं. पहिल्या काही तारखांना धनबीर नेपाळहून आला. दोन गाड्या आणि एक रेल्वे बदलून यायचा, एका हाताने पिशवी धरून. प्रत्येक वेळी तारीख पुढे गेली. मग तो यायचा बंद झाला. गावच्या पत्त्यावर धाडलेली नोटीस परत आली. अर्जदाराला स्वारस्य नसल्याने अपील मंजूर करावं, असा अर्ज जनूशेठच्या वकिलांनी दिला आहे. जनूशेठ आता नाहीत. अपील मुलगा चालवतो, संघाचा अध्यक्षही तोच आहे आणि सप्ताह दरवर्षी होतो.

हसन वस्ताला नंतर सुरूखोलला कुणी बोट दिली नाही. तो दोन तालुके पलीकडे दुसऱ्याच्या ट्रॉलरवर आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

"ताई, धनबीरचा आवाज ऐकला. वायरलेसवर. खालच्या बाजूची, गोव्याकडची कुठली तरी बोट होती. जेवण रांधतो त्या बोटीवर."

"तोच कशावरून?"

"नाव सांगितलं त्याने. पूर्ण. मी सांगितलं, तारीख लागलीय, ये, नाहीतर सगळं जाईल. म्हणाला, येतो चाचा, सुट्टी मिळाली की."

"खरं बोलत होता?"

"वायरलेसवर होता ताई," हसन म्हणाला. "मी कसं सांगू?"

पुढची तारीख बावीस जानेवारीची आहे. खलाशांना सुट्टी सीझन संपल्यावर मिळते. सीझन मेअखेर संपतो.